आठ शिंपले आणि चिंचेचं पाणी

कायदा चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढची हकिगत वाचून कुणीतरी म्हणायचं, बघा, नियम कडक केले की असं होतं. तसं नाही. चांदई नदीत पूर्वी जे काही वाहायचं ते ज्यानं पाहिलंय, त्याला हा कायदा फार उशिरा आला असंच वाटेल. काठावरच्या म्हशीसुद्धा त्या पाण्यात उतरायच्या नाहीत, आणि म्हैस काही फार चिकित्सक प्राणी नव्हे.

जुना नियम आकड्यांचा होता. कारखान्यानं बाहेर सोडलेल्या पाण्यात तांबं किती चालेल, निकेल किती चालेल, ते ठरलेलं. बाटली भरायची, प्रयोगशाळेत पाठवायची, आकड्याच्या आत असलं की झालं. बाटली कधी भरायची हे कारखान्याच्याच हातात असे, त्यामुळे पाणी नेहमी आकड्याच्या आतच सापडे.

नवा नियम करणाऱ्यांनी नदीच्या बाजूनं विचार केला. पाण्यातलं सगळंच तांबं विषारी नसतं. मोकळं फिरणारं तांबं माशाच्या कल्ल्याला जाऊन चिकटतं आणि मासा गुदमरतो. तेच तांबं दुसऱ्या कशानं तरी धरून ठेवलेलं असलं तर कल्ल्यावरून निमूट वाहून जातं. शिवाय पाणी जड, क्षारांचं असलं तर धातू कमी चावतो, हलकं असलं तर जास्त, आणि सह्याद्रीतून उतरलेलं चांदईचं पाणी हलकं. म्हणजे किती तांबं म्हणजे जास्त, हे आकड्यापेक्षा कल्ल्यालाच नीट सांगता येतं. मग कल्ल्यालाच विचारावं, असं ठरलं.

त्यासाठी यंत्र आलं ते निम्मं जिवंत होतं. प्रत्येक कारखान्याच्या शेवटच्या पाइपापाशी काचेची पेटी, पेटीत नदीतले आठ काळे शिंपले. प्रत्येकाच्या एका कवचावर मुगाएवढं लोहचुंबक चिकटवलेलं, समोरच्या कवचावर त्याचं अंतर मोजणारा संवेदक. कारखान्याचं पाणी बारीक नळीनं या पेटीतून जायचं. शिंपला कल्ल्यांतून पाणी गाळून जेवतो, म्हणून तो बराच वेळ थोडासा उघडा असतो. धातू चावला की मिटतो. एखादा रुसून मिटला तर कुणी विचारत नसे, पण आठांतले पाच एकदम मिटले आणि अर्धा तास मिटूनच राहिले, की पाइपाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होई आणि नदी प्राधिकरणाच्या कचेरीत घंटा वाजे. दोनदा ताकीद. तिसऱ्यांदा परवाना रद्द, आणि त्या जागेवर पुन्हा कधी धातूचं काम नाही. लोक याला 'जिवंत परवाना' म्हणू लागले.

संताजीराव पोवारांच्या दोन ताकिदी दसऱ्याच्या आधीच संपल्या होत्या.

चांदई औद्योगिक वसाहतीत त्यांचा प्लेटिंगचा कारखाना होता. लोखंडी सळयांवर तांब्याचा थर चढवायचा. विजेचं अर्थिंग करायला या सळया लागतात, आणि माळामाळावर सौरऊर्जेची शेतं झाल्यापासून त्यांना मरण नव्हतं. मोरचुदाच्या निळ्या टाक्यांत सळई बुडवायची, वीज सोडायची, तांबं चढलं की बाहेर काढून धुवायची. धुतलेल्या पाण्यात तांबं येणारच. त्यात चुना घातला की बहुतेक तांबं निळा चिखल होऊन तळाला बसे. जुन्या नियमाला तेवढं पुरे होतं. नव्या नियमाला नव्हतं. चुन्याला चुकवून जे थोडं मागे राही, तेवढ्यानंही शिंपले मिटत.

मोठ्या कारखान्यांनी पडद्यांतून पाणी गाळणारी यंत्रं आणली. शेजारच्या तिघा छोट्यांनी कुलपं लावली. छोट्यांसाठी सगळ्यांची मिळून एक गाळणी होणार होती. ती दर पाडव्याला सुरू व्हायची असे आणि दर पाडव्याला पुढच्या पाडव्यावर जाई.

संताजीरावांनी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. चुना कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला, धुण्याचं पाणी तीनदा फिरवून पाहिलं. तरी रोज तीन-चार शिंपले मिटतच, आणि पाचवा मिटला की संपलं. रोज सकाळी आल्या आल्या ते पेटीपाशी उकिडवे बसत. कामगार लांबून त्यांच्या तोंडाकडे बघत आणि आज पेटीत काय आहे ते ओळखत.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. हत्यारांची, यंत्रांची पूजा. या कारखान्यात त्या दिवशी टाक्यांवरच्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांतून वीज येते, त्या घासून लखलखीत करायची रीत होती. वर्षभर ॲसिडनं काम चाले, पण त्या दिवशी ॲसिड वर्ज्य. फोरमन इलाही मुजावर यांचा तसा दंडकच होता. पुजायच्या वस्तूला चिंच-मिठानंच घासायचं, घरातली तांब्याची घागर घासतात तसं. इलाहीचाचा दर वर्षी पोतंभर चिंच स्वतः निवडून आणत.

दुपारी ते धापा टाकत ऑफिसात आले.

"मालक, घोटाळा झालाय वो."

"आता काय?"

"पट्ट्या धुतलेलं पाणी पोरांनी शेवटच्या टाकीत वतलं."

संताजीराव उठलेच. शेवटची टाकी म्हणजे चुन्याचं काम झाल्यावरचं पाणी, तिथून थेट बाहेर. "शेवटच्या? पहिल्या टाकीत ओतायचं सोडून?"

"पहिली टाकी धुऊन, झेंडूच्या माळा घालून पुजंला ठेवलीया. पुजंच्या टाकीत घाण कशी वतायची म्हणून पोरं पुढं गेली."

दुसऱ्या कुठल्या मुलखात ही चूक झाली नसती. संताजीराव धावत पेटीपाशी गेले. मागून सगळा कारखाना आला, हातात झेंडू, कपाळाला गुलाल. त्या पाण्यात पट्ट्यांवरचं वर्षाचं तांबं उतरलेलं. तिसरी घंटा आता वाजणार, यात कुणाला शंका नव्हती. एक बाई रडायलाच लागली.

शिंपले उघडे होते. नुसते उघडे नव्हते, गेल्या काही महिन्यांत उघडले नव्हते इतके उघडले होते. आठच्या आठ.

"अंबाबाई पावली," कुणीतरी म्हणालं, आणि इलाहीचाचांनी तिथंच नारळ फोडला.

अंबाबाईचा यात हात नव्हता, हे संताजीरावांना आठवड्यात कळलं. चिंचेत जे आम्ल असतं, ते तांब्याच्या कणाला दोन्ही बाजूंनी पकडून धरतं, खेकडा नांगीत धरतो तसं. नांगीतलं तांबं कल्ल्याला चिकटत नाही. शिंपल्याला ते कळतच नाही. चुना घालून झाल्यावर उरलेल्या तांब्यात चिंचेचा कोळ सोडला, की शिंपल्यांच्या लेखी ते पाणी झऱ्याचं.

स्वतःला फसवायला संताजीरावांना फारसे कष्ट पडले नाहीत. जे चावत नाही ते विष नाही, असं कायदाच म्हणत होता. आपण कायद्याच्या डोक्यानंच चाललोय. शेवटच्या टाकीशेजारी एक निळं पिंप बसलं, त्याला एक छोटी तोटी, आणि इलाहीचाचा आता पोत्यानं चिंच आणू लागले. प्राधिकरणाच्या आगाशे मॅडम तपासणीला आल्या, पेटीपुढे वाकल्या, आणि म्हणाल्या, "पोवारसाहेब, अख्ख्या वसाहतीत इतके खुशीत असलेले शिंपले मी पाहिले नाहीत." संताजीरावांनी त्यांना चहा पाजला. त्या महिन्यात ते घरी गाणं गुणगुणत जेवले.

आता ईश्वरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन पडणार आहे.

ईश्वरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. मत्स्यशास्त्र शिकली आणि नोकरीच्या मागे न लागता बोरखडीला गेली. बोरखडी वसाहतीच्या खालच्या अंगाला, नदीच्या बंधाऱ्यावर. नदी स्वच्छ होऊ लागली तशी तिनं बंधाऱ्याकाठी तळी खणली आणि मत्स्यबीज केंद्र काढलं. मोठे सायप्रिनस मासे, म्हणजे जनक मासे, पाळायचे, हिवाळ्यात त्यांची अंडी घ्यायची, अंड्यांतून जिऱ्याएवढी पिल्लं निघतात, त्यांना जिरेच म्हणतात, ती वाढवून गावोगावच्या तळ्यांना पुरवायची. हे तिला पुस्तकानं कमी आणि बायनाक्कानं जास्त शिकवलं होतं. बायनाक्का भोई, बोरखडीचीच, नवरा गेल्यावर एकटी राहणारी, तळ्यावर कामालाही तीच. ईश्वरी तिच्याच घरी भाकरी खायची आणि तिच्याच ओसरीवर दुपारची झोपायची. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुलींसारखी ती 'मी येतो, मी जातो' म्हणे. बायनाक्का तिला 'माझा ल्योक' म्हणून हाक मारी.

डिसेंबरात जिऱ्यांची पहिली खेप मेली.

"थंडी असंल," संताजीराव फोनवर म्हणाले, आणि त्यांना तसंच वाटत होतं.

दुसरी खेप मेली. ईश्वरीनं अंडी बदलली, खाद्य बदललं, तळी उपसून पुन्हा भरली. पाणी तपासून घेतलं. तांबं किंचित सापडलं, पण 'नियमात' असा शेरा आला, आणि वरच्या सगळ्या कारखान्यांचे शिंपले उघडे असल्याचंही त्यात आवर्जून लिहिलेलं. शिंपले आता संरक्षित झाले होते, प्राधिकरणाशिवाय कुणी ते बाळगायचे नाहीत. नाहीतर तिनं आपल्या तळ्यात चार सोडले असते आणि ही गोष्ट इथंच संपली असती.

तिसरी खेप मेली तेव्हा ती घरी आली आणि ताटावर बसून काही न खाता उठली.

"माझाच हात वाईट आहे, पप्पा," ती म्हणाली. "चार दिवस नाचतात. पाचव्या दिवशी पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडायला लागतात. हवा सोडली तरी तशीच. मी बसून बघतो नुसता."

तोंडं उघडायला लागतात. संताजीरावांचा घास हातात राहिला. कल्ले चालेनासे झाले की मासा असाच वर येतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि चार दिवस का, हाही प्रश्न त्यांच्या रसायनशास्त्राला पडायचा तो पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या शेवटच्या पाइपाचं पाणी एका कॅनमध्ये भरून, त्यात बंधाऱ्याचा मूठभर गाळ टाकून ऑफिसच्या खिडकीत ठेवलं. चार दिवसांनी वरचं निवळलेलं पाणी एका मगात घेतलं. प्राधिकरणानं दिलेल्या राखीव शिंपल्यांतला एक त्यात सोडला. आत जाताच तो मिटला, आणि पुन्हा उघडलाच नाही.

कोडं सोपं होतं. चिंचेचं आम्ल म्हणजे शेवटी अन्नच. धावत्या पाण्यात ते टिकतं, पण बंधाऱ्याच्या संथ, गाळाच्या पाण्यात जिवाणू ते हळूहळू खाऊन टाकतात. नांगी गळून पडते. तांबं मोकळं होतं. वसाहतीत जे चावत नव्हतं ते बोरखडीत चावत होतं, आणि जिऱ्याएवढ्या कल्ल्याला चावायला तांबं लागतं तरी किती?

हे त्यांना कळलं, त्या क्षणी त्यांनी पिंपाची तोटी बंद करायला हवी होती. त्यांनी ती धरलीही. मग त्यांना समोर सळया धुणाऱ्या बायका दिसल्या, इलाहीचाचा दिसले, ज्यांच्या वयाच्या माणसाला आता कुणी कामावर ठेवणार नव्हतं. तोटी बंद केली तर दुपारपर्यंत शिंपले मिटणार, आणि हा कारखाना पुन्हा कधी उघडणार नाही. पाडव्याला सगळ्यांची गाळणी सुरू होणार होती, या खेपेला खरंच, इमारत उभी राहिली होती. तेवढे दिवस निघाले की झालं. ईशूला सांगू, या वर्षी राहू दे, पुढच्या हंगामात बघ. हात तोटीवरून खाली आला. भित्रेपणा तो हाच. त्याला दुसरं नाव देता येत नाही.

त्यांनी तिला फोन केला. "बाळ, या वर्षी नाद सोड की. माशांना विसावा दे."

"विसावा कसला? हंगाम चाललाय," ती म्हणाली. "चौथी खेप धरली मी काल. बायनाक्का म्हणते, या टायमाला जगतील."

त्यांनी पुन्हा एक कॅन भरून खिडकीत ठेवला. कदाचित पहिल्यांदा काही चुकलं असेल. चुकलं नव्हतं. पुन्हा ठेवला. रोज सकाळी ते आधी पेटीतले उघडे शिंपले बघत, मग खिडकीतला कॅन. घरी पत्नी उज्ज्वलाताईंनी आमटी वाढली की विचारत, "चिंच घातलीस?"

"मग काय घालू?" त्या म्हणत. "इतकी वर्षं तीच घालतो न्हवं?"

ते नुसता भात कालवून उठत.

चौथी खेप पाचव्या दिवशी मेली. त्या संध्याकाळी ईश्वरीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज सरळ होता, आणि त्या सरळपणाचीच भीती वाटावी असा.

"बायनाक्काला काढलं मी, पप्पा."

"का?"

"तिच्याशिवाय तळ्यावर कुणी येत नाही. जाळी तीच धुते. कशानं धुते, कुठल्या भांड्यात धुते, देव जाणे. मी विचारलं तर म्हणाली, मी माझ्या लेकराच्या ताटात माती कालवीन का? मी म्हणालो, मग पिल्लं काय आपोआप मेली? तर उठली आणि चालायला लागली. चप्पलसुद्धा विसरली इथं."

"ईशू, तिचं नसंल गं..."

"मग कुणाचं?" ती ओरडली. "सांगा की! नदी स्वच्छ, शिंपले उघडे, माझं पाणी नियमात. मग कुणाचं?"

संताजीरावांनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं आणि ते म्हणाले, "जेवलीस का?" आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

पुढच्या सोमवारी सकाळी ईश्वरी टँकर घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली.

कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आशा होती. "पप्पा, मी मूर्ख आहे बघा," ती टँकरवरून उडी मारत म्हणाली. "आता जनक मासेपण आजारी पडायला लागलेत. ते गेले तर सगळं गेलं. बोअरला थेंब नाही. नदीचं पाणी त्यांना नको झालंय, काय आहे त्यात कुणाला कळत नाही. रात्रभर विचार केला, तालुक्यात खात्रीचं पाणी आहे कुठं? आणि एकदम पेटलं डोक्यात. आपल्याकडं!"

"आपल्याकडं?"

"तुमच्या पाइपाचं! आगाशे मॅडमना विचारलं. म्हणाल्या, पोवारांच्या शिंपल्यांइतके उघडे शिंपले कुठंच नाहीत, खुशाल न्या. परवानगीपण दिली लगेच. रोज एक टँकर नेतो. तळ्यात तेच भरतो. नदीचा थेंब घेत नाही आता."

तळ्यात. संथ, गाळाच्या, जिवाणूंनी भरलेल्या तळ्यात रोज एक टँकर. नदीत मिसळून पातळ झालेलं नव्हे, थेट.

"पंपाला आज जोर नाही," संताजीराव म्हणाले.

"टँकरला स्वतःचा पंप आहे."

"टाकी साफ केलेली नाही गं. आठवड्याभरानं ये."

"आठवड्याभरानं मासे राहायचे नाहीत." ती हसली. "असं काय करताय? तुमचंच पाणी आहे. आयुष्यभर तुम्ही नदीत घाण सोडता म्हणून मी भांडलो तुमच्याशी. आता तेच पाणी न्यायला आलोय, तर नको म्हणताय व्हय?"

ड्रायव्हरनं पाइप जोडला. ईश्वरी पेटीपाशी उकिडवी बसली, अगदी बाप बसायचा तशी, आणि काचेला नाक लावून म्हणाली, "बघा की पप्पा, कसे आरामात जेवायलेत."

संताजीरावांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. "ईशू, ऐक," म्हणाले. तिनं मान वर केली. इतक्या विश्वासानं तिनं बघितलं की पुढचं वाक्य त्यांना येईना. काही गोष्टी माणूस तोंडानं बोलू शकत नाही, तिथं मी त्यांना दोष देणार नाही. दोष बाकी पुष्कळ आहे.

ते ऑफिसात गेले आणि खिडकीतला कॅन घेऊन आले. पेटीत पाणी आणणाऱ्या नळीची तोटी त्यांनी पिरगाळून बंद केली, आतलं पाणी खालच्या बुचातून सोडून दिलं, आणि कॅनमधलं पाणी मगानं हळूहळू पेटीत ओतलं.

"मालक! काय करायलाय वो!" इलाहीचाचा लांबूनच ओरडले.

पहिला शिंपला लगेच मिटला. मग शेजारचे दोन. मग एकेक करत सगळे. पेटीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. आता अर्धा तास.

ईश्वरी उभी राहिली होती. "काय ओतलंत तुम्ही?"

"आपलंच पाणी," संताजीराव म्हणाले. "याच पाइपाचं. बंधाऱ्याच्या गाळात चार दिवस शिळं केलेलं. दुसरं काही नाही त्यात."

ती हुशार मुलगी. तिला जास्त सांगावं लागलं नाही. तिची नजर पेटीवरून पाइपावर गेली, पाइपावरून शेवटच्या टाकीवर, आणि टाकीशेजारच्या निळ्या पिंपावर थांबली. तिनं जाऊन झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

"चिंच," ती म्हणाली.

इलाहीचाचा बादली घेऊन धावत आले. "अजून टाइम हाय. ताजं पाणी घालतो, उघडत्यात बघा. मालक, हात काढा. मालक, पोरं बाहीर बसत्याल वो!" त्यांचा आवाज फाटला होता. संताजीरावांनी त्यांची बादली धरून ठेवली. दोघं म्हातारे एका बादलीला धरून उभे राहिले आणि पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. कामगार एकेक करून बाहेर येऊन भिंतीशी उभे राहत होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण पिवळा दिवा सगळ्यांना कळत होता.

"ईशू, तू बोल की बापाला!" इलाहीचाचा म्हणाले. "तुझं ऐकत्यात ते."

ईश्वरीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"खंडेनवमीपासून. तेव्हा माहीत नव्हतं. मला खरंच वाटलं, ते चावत नाही."

"कळलं कधी?"

त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर आत्ताही जमलं असतं. "तिसऱ्या खेपेनंतर."

ती मनात काहीतरी जुळवत होती. जुळलं तेव्हा तिचा चेहरा बदलला, आणि संताजीरावांनी तो बदलताना पाहिला.

"म्हणजे चौथी खेप मी धरली, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"फोनवर बोलला होता तुम्ही माझ्याशी. विसावा दे म्हणाला होता."

"होय, बाळ."

"आणि बायनाक्का... बायनाक्काला मी चौथ्या खेपेनंतर काढलं. मी तुम्हाला सांगितलं. मी विचारलं तुम्हाला, मग कुणाचं, म्हणून. तुम्ही म्हणाला, जेवलीस का."

संताजीराव रडायला लागले. कारखान्यासमोर, कामगारांसमोर, तोंड न झाकता. तिनं हात पुढे केला नाही.

दिवा लाल झाला. व्हॉल्व्हची मोटर फिरली, तिचा घर्रर्र आवाज आला, आणि पाइपातली धार बारीक होत होत थांबली. भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांतली एक खाली बसली. इलाहीचाचांनी हातातली बादली सोडून दिली.

ईश्वरीनं टँकरचा पाइप स्वतः सोडवला, गुंडाळला, वर टाकला. मग परत येऊन कॅनमध्ये उरलेलं पाणी तसंच झाकण लावून उचललं.

"ते कशाला?" संताजीराव म्हणाले.

"बायनाक्काला दाखवायला. नुसत्या माझ्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवायचा?" ती केबिनमध्ये चढली. "तिची चप्पल पण द्यायची आहे."

"परत कधी येशील?"

ती ड्रायव्हरला म्हणाली, "चला." रिकामा टँकर खडखडत फाटकाबाहेर गेला.

कामगार हळूहळू पांगले. इलाहीचाचा सगळ्यात शेवटी गेले. जाताना त्यांनी पेटीचं खालचं बूच उघडलं, आतलं पाणी काढून टाकलं आणि आपल्या पिण्याच्या माठातलं पाणी तिच्यात ओतलं. राग मालकांवर होता, शिंपल्यांचा काय गुन्हा?

दुपार कलली तेव्हा पहिला शिंपला किंचित उघडला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत आठही उघडून जेवायला लागले, आणि ते बघायला संताजीराव तिथं एकटेच बसले होते.